दर पिढीला नवी वही

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १९११ साली एक कंपनी स्थापन झाली. तिच्या मालाची यादी वाचली तर वाचकांची चांगलीच करमणूक होईल. तीत किराणा दुकानातले वजनकाटे होते. कामगार किती वाजता आला आणि किती वाजता गेला याची नोंद ठेवणारी घड्याळे होती. मांसाचे आणि चीजचे काप करणारी यंत्रे होती. आणि या सगळ्या पसाऱ्यात एका कोपऱ्यात, कार्डांना पाडलेली भोके मोजणारे एक चमत्कारिक यंत्र होते. चार्ल्स फ्लिंट नावाच्या एका खटपट्या व्यापाऱ्याने निरनिराळ्या कंपन्यांची मोट बांधली होती. तिचे नावही मोटेला शोभेल असेच लांबलचक ठेवले होते: कॉम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी. त्यातल्या ‘कॉम्प्युटिंग’चा आजच्या कॉम्प्युटरशी काडीचाही संबंध नव्हता. वजनाबरोबर मालाची किंमतही दाखवणारा काटा, एवढाच त्याचा अर्थ.

हीच कंपनी १९२४ पासून इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजे आय. बी. एम., या नावाने जगाला माहीत झाली. तिला आता शंभर वर्षे उलटून गेली. आज ती वजनकाटे विकत नाही, घड्याळे विकत नाही. ज्या कार्डांवर तिने अमाप पैसा मिळवला ती कार्डे कुठे पाहायलाही मिळत नाहीत. जो घरगुती संगणक तिच्या नावाने जगभर पसरला, तोही ती आज करत नाही. मग प्रश्न पडतो की शंभर वर्षे टिकले ते नेमके काय? नुसते नाव टिकले म्हणावे, तर नावे पुष्कळ पेढ्यांची असतात आणि पुष्कळ पेढ्या बुडतात. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच ही हकीकत सांगायची आहे.

*

अमेरिकेत दर दहा वर्षांनी शिरगणती होते. १८८० सालच्या शिरगणतीचे कोष्टक हाताने मांडता मांडता सात-आठ वर्षे निघून गेली. लोकसंख्या तर वाढत होती. पुढची गणती सुरू व्हायची वेळ आली तरी मागची पुरी होणार नाही, अशी भीती वाटू लागली. त्या कचेरीत हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण इंजिनियर काम करून गेला होता. आगगाडीच्या प्रवासात त्याने एक गोष्ट पाहिली. तिकिटे चोरीला जाऊ नयेत म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला ठरावीक ठिकाणी भोके पाडून उतारूचे वर्णन टिपून ठेवत असे: केस कसे, डोळे कसे, नाक केवढे. हॉलरिथने मनाशी म्हटले, असेच एक कार्ड दर माणसामागे का करू नये?

त्याने केलेली युक्ती शाळकरी मुलालाही समजेल. कार्डावर वय, लिंग, जन्मस्थान यांसाठी जागा ठरवून तिथे भोक पाडायचे. कार्ड यंत्रात ठेवून वरून सुयांचा दांडा दाबायचा. जिथे भोक असेल तिथली सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याला टेकते, विजेचे मंडल पुरे होते आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकतो. १८९० साली या यंत्राने ६ कोटी २६ लाख लोकांची गणती हाताळली. पुढे १८९६ मध्ये हॉलरिथने आपली कंपनी काढली आणि तीच १९११ च्या मोटेत बांधली गेली.

या मोटेला खरा धनी १९१४ साली मिळाला. थॉमस वॉटसन हा शेतकऱ्याचा मुलगा. गाडीवर पियानो आणि शिवणयंत्रे लादून खेडोपाडी विकत फिरण्यात त्याची उमेदवारी झाली होती. गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो वर चढला. पण प्रतिस्पर्ध्यांना बाजारातून हुसकल्याच्या खटल्यात वरिष्ठांबरोबर त्यालाही कैदेची शिक्षा झाली, आणि नोकरीही गेली. अपिलात ती शिक्षा १९१५ मध्ये रद्द झाली. म्हणजे नव्या कंपनीत त्याने पाऊल टाकले ते डोक्यावर टांगती तलवार घेऊनच.

वॉटसनने भिंतीभिंतीवर ‘विचार करा’ अशी पाटी लावली. विक्रेत्यांना गडद सूट आणि पांढरा सदरा घालायला लावला. पण त्याची खरी चतुराई या थाटामाटात नव्हती. कोपऱ्यातल्या त्या भोके मोजणाऱ्या यंत्राचे मोल त्याने ओळखले, आणि ते विकायचे नाही, भाड्याने द्यायचे, हे धोरण नेटाने चालवले. गाय विकली तर पैसा एकदाच हाती येतो. रतीब घातला तर महिन्याच्या महिन्याला येतो. यंत्राचे भाडे आणि वर लागणाऱ्या कार्डांची विक्री, असे दोन रतीब सुरू झाले. यंत्र कंपनीचेच असल्यामुळे ते बिघडले की कंपनीचा माणूस धावत जाई. गिऱ्हाईकाला लोखंड नको असते, बिनचूक हिशेब हवा असतो, हे या पेढीच्या अंगी मुरले ते तेव्हापासून.

१९२९ नंतर मंदीची लाट आली. कारखान्यांना कुलपे लागत होती, पण वॉटसनने आपले कारखाने चालू ठेवले आणि न खपणारी यंत्रे गोदामांत भरून ठेवली. लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल. परंतु १९३५ साली अमेरिकन सरकारने सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, आणि सुमारे अडीच कोटी कामगारांची खाती एकदम उघडण्याची वेळ आली. इतकी यंत्रे तयार कोणाकडे होती? वॉटसनच्या गोदामात! हा प्रसंग धोरणाचा म्हणावा की दैवाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि याच कथेतले एक काळे पानही उलटून पाहिले पाहिजे. कंपनीची एक शाखा जर्मनीत होती. हिटलरच्या राज्यात १९३३ आणि १९३९ साली शिरगणती झाली, ती याच कार्डांवर. वॉटसनने १९३७ मध्ये त्या सरकारचे पदक स्वीकारले आणि १९४० मध्ये ते परत केले. यंत्राला माणसे मोजता येतात, पण ती कशासाठी मोजायची हे यंत्र विचारत नाही. ते यंत्राच्या धन्याने विचारायचे असते. भिंतीवर ‘विचार करा’ अशी पाटी लावणाऱ्याने तर आधी.

*

रतीबाचा एक दोष असतो. जिच्या दुधावर घर चालते, ती गाय बदलावीशी वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारी गणकयंत्रे आली. त्यांची माहिती कार्डांवर नसे, चुंबकीय फितीवर असे. १९५१ साली युनिव्हॅक नावाचे असे यंत्र विकत घेतले कोणी? अमेरिकेच्या शिरगणती खात्याने! ज्या घरी या धंद्याचा जन्म झाला, तिथेच दुसऱ्याचा माल येऊन बसला.

म्हाताऱ्या वॉटसनचा जीव कार्डांत गुंतलेला. त्याचा मुलगा थॉमस धाकटा युद्धात वैमानिक होता, आणि आकाशात वारा बदलला की दिशा बदलावी लागते हे तो जाणत होता. त्याने हट्टाने विजेची यंत्रे पुढे रेटली. १९५२ साली ‘७०१’ जाहीर झाले. ती एकूण १९च झाली. मग आले स्वस्त ‘६५०’. त्याची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९५९ चे ‘१४०१’ तर दहा हजारांहून अधिक बनले. मध्यंतरी १९५६ साली सरकारशी समेट होऊन, यंत्रे नुसती भाड्याने न देता विकतही दिली पाहिजेत, असे बंधन कंपनीवर आले. त्याच वर्षी बापाने कारभार मुलाच्या हाती दिला आणि काही आठवड्यांतच डोळे मिटले.

मुलाने पुढे जो जुगार खेळला, त्याला उद्योगधंद्यांच्या इतिहासात तोड थोडी. त्या वेळी कंपनीच्या लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम तिच्याच मोठ्या यंत्रावर चालत नसे. धंदा वाढला की गिऱ्हाईकाने मोठे यंत्र घ्यावे आणि सगळे काम पहिल्यापासून पुन्हा लिहून काढावे. पाचवीतून सहावीत गेलेल्या मुलाला नवी बाराखडी गिरवायला लावावी, तसा हा प्रकार! धाकट्या वॉटसनने ठरवले की सगळी जुनी यंत्रे मोडीत काढायची आणि लहानापासून मोठ्यापर्यंत एकच भाषा बोलणारे एक कुटुंब उभे करायचे. ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टीम ३६०’ जाहीर झाली. वर्तुळाच्या ३६० अंशांवरून हे नाव ठेवले होते. एकंदर खर्च ५ अब्ज डॉलरांच्या आसपास गेला. त्या साली कंपनीची वर्षभराची उलाढाल होती सव्वातीन अब्जांची.

माल वेळेवर निघेना. प्रोग्राम लिहिणारी माणसे वाढवली, तो उशीर आणखीच वाढला. एका पोळपाटावर चौघींनी लाटणी चालवली म्हणजे पोळी लवकर होत नाही! हे काम सांभाळणारे फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे १९७५ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. ते या विद्येत आजही वाचले जाते. यंत्रनिर्मितीचा भार धाकट्या वॉटसनने आपल्या सख्ख्या भावावर, डिक वॉटसनवर, टाकला होता. दिरंगाईचे खापर त्याच्या माथी फुटले, आणि कंपनीची सूत्रे हाती येण्याची त्याची वाट कायमची बंद झाली. ३६० यशस्वी झाली, इतकी की पुढची वीस वर्षे बाजारावर तिच्याच वंशाचे राज्य होते. पण त्या यशाच्या वहीत भावाच्या नावाचा खर्चही मांडलेला आहे.

*

आता थोडे आपल्याकडे वळू. आय. बी. एम. भारतात स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत आली. मुंबईच्या एस्सो कंपनीत १९६१ साली १४०१ बसले. कानपूरच्या आय. आय. टी.त १९६३ मध्ये १६२० आले, आणि विद्यार्थी त्यावर हात साफ करू लागले. पण रतीबाच्या धंद्यात जुन्या गायीचे करायचे काय, हा प्रश्न असतोच. अमेरिकेत गिऱ्हाइके ३६० घेऊ लागली, तशी भाड्याची जुनी यंत्रे परत येऊ लागली. तिकडे जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून इकडे भाड्याने दिली जातात, असा आक्षेप भारतात होऊ लागला. तो संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत पोहोचला.

१९७३ मध्ये परकीय चलनाचा नवा कायदा झाला. परदेशी कंपनीने आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असे सरकारने सांगितले. आय. बी. एम.चे तत्त्व असे की कोणत्याही देशात मालकी सोळा आणे आपलीच असावी. वाटाघाटी झाल्या, मधले मार्ग सुचवले गेले, पण जमले नाही. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सी. एम. सी. या सरकारी कंपनीने पत्करली. एकाच सावकाराची पेढी उठली म्हणून आपल्या इंजिनियरांना निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे हाताळावी लागली, आणि ही विद्या पुढे त्यांना जगभर उपयोगी पडली. गंमत अशी की जी कंपनी तत्त्वासाठी निघून गेली, ती १९९२ मध्ये टाटांशी भागी करून परत आली. तत्त्व म्हणून जे मिरवले जाते, त्यात तत्त्व किती आणि सोय किती, हे अशा वेळी कळते!

*

इकडे अमेरिकेत १९६९ साली मक्तेदारीच्या आरोपावरून सरकारने कंपनीवर खटला भरला. तो तेरा वर्षे चालला आणि १९८२ मध्ये सरकारनेच मागे घेतला. मात्र खटल्याच्या सावटाखाली कंपनीने एक मोठा बदल १९६९ मध्येच केला. तोपर्यंत यंत्राबरोबर प्रोग्राम फुकट मिळत. ते आता निराळी किंमत लावून विकले जाऊ लागले. नुसते प्रोग्राम लिहून विकण्याचा स्वतंत्र धंदा बाळसे धरू लागला, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

त्या धंद्यातल्याच एका पोरसवदा कंपनीने पुढे या थोरल्या पेढीला हिसका दाखवला. लहान घरगुती संगणकांची चलती झाली, तेव्हा आय. बी. एम.ने फ्लोरिडातील बोका रेटन येथे एक लहानशी तुकडी बसवली आणि तिला सांगितले, वर्षभरात यंत्र करून द्या. घरचे सगळे भाग घडवायला वेळ नव्हता. म्हणून मुख्य चिप इंटेलकडून घेतली, आणि यंत्र चालवणारा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून. १२ ऑगस्ट १९८१ रोजी ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आला आणि हातोहात खपला. परंतु तोच प्रोग्राम इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे ठेवला होता. भाग बाजारात मिळत होते, प्रोग्रामही मिळत होता. मग काय, हुबेहूब तसेच आणि स्वस्त यंत्र करणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. घर आय. बी. एम.ने बांधले आणि भाडे दुसरेच वसूल करू लागले.

१९८५ मध्ये कंपनीत सुमारे ४ लाख ५ हजार माणसे होती. १९९० मध्ये ६ अब्ज डॉलर नफा झाला. भरल्या घरात बुडण्याचे भय कोणाला वाटते? पण मोठ्या यंत्रांची मागणी ओसरत होती. १९९१ मध्ये कंपनीला आयुष्यात पहिल्यांदाच मोठा तोटा आला. तो वाढत वाढत १९९३ मध्ये ८ अब्जांच्या पुढे गेला. कंपनीचे तुकडे करून स्वतंत्र पेढ्या कराव्यात, असे घाटू लागले.

अशा वेळी १ एप्रिल १९९३ रोजी लुई गर्स्टनर प्रमुख म्हणून आले. ते संगणकवाले नव्हते, बिस्किटे आणि सिगारेटी विकणाऱ्या कंपनीतून आले होते. मात्र त्याआधी अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये असताना ते आय. बी. एम.चे गिऱ्हाईक होते. तिथल्या एका केंद्रात दुसऱ्या कंपनीचे यंत्र बसवले म्हणून आय. बी. एम.च्या माणसाने त्या केंद्राला मदत नाकारली, हा अनुभव त्यांनी पुढे आठवणींत लिहिला आहे. गिऱ्हाईकाच्या बाजूने काउंटरकडे पाहिलेला माणूस काउंटरच्या आत येऊन बसला, हे त्या पेढीचे भाग्य म्हणायचे.

गर्स्टनर यांनी ओळखले की कारखान्याच्या नाहीतर बँकेच्या मालकाला दहा कंपन्यांची दहा यंत्रे जुळवत बसायला सवड नसते. ती जुळवून देणारा, बिघडले तर जबाबदारी घेणारा कोणीतरी एक त्याला हवा असतो. म्हणून त्यांनी कंपनीचे तुकडे केले नाहीत. मोठ्या यंत्रांच्या किमती उतरवल्या. आणि दुसऱ्याचे यंत्र असले तरी ते सांभाळून देण्याचा, सल्ल्याचा आणि सेवेचा धंदा वाढवला. २००१ साली सेवेचे उत्पन्न यंत्रांच्या विक्रीहून अधिक झाले. गमतीने नव्हे, पण हे म्हातारबुवांचेच जुने सूत्र होते: लोखंड नव्हे, बिनचूक हिशेब.

तथापि या वळणाचे मोल कोणी दिले? मंदीतही माणूस काढायचा नाही, ही या पेढीची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. बापाच्या जागी लेक लागे आणि गावे कंपनीच्या भोंग्यावर चालत. ती रीत १९९३ मध्ये मोडली. १९९४ अखेर सुमारे २ लाख २० हजार माणसे उरली होती. हडसन नदीकाठच्या किंग्स्टनचा कारखाना १९९५ मध्ये बंद झाला. इतिहासात ‘कंपनी सावरली’ असे एक वाक्य लिहिले जाते. त्या वाक्यात जवळजवळ निम्मी माणसे मावत नाहीत.

*

पुढेही टाकणे आणि घेणे चालूच राहिले. २००५ मध्ये घरगुती संगणकांचा धंदा चीनच्या लेनोव्होला विकला. २०१४ मध्ये चिपांचे कारखाने घेण्यासाठी दुसऱ्या कंपनीलाच दीड अब्ज डॉलर द्यायचे ठरवले. जुने ओझे उतरवायलाही हमाली पडते! ‘वॉटसन’ नावाच्या यंत्राने २०११ मध्ये प्रश्नोत्तरांच्या खेळात माणसांना हरवले. पण त्याला वैद्यकात आणून मोठे करण्याचा बेत फसला आणि तो विभाग २०२२ मध्ये विकावा लागला. दरम्यान दुसऱ्यांनी आंतरजालावरून संगणकशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. हा तर आपलाच जुना रतीब! तो ओळखायला रतीबाच्या मूळ पेढीलाच उशीर झाला. २०१२ पासून सलग २२ तिमाह्या उत्पन्न घसरत गेले. मग २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर देऊन रेड हॅट ही कंपनी विकत घेतली, आणि २०२१ मध्ये यंत्रे सांभाळण्याच्या सेवेचा मोठा भाग वेगळा काढला. गर्स्टनर यांच्या काळात ज्याने तारले, तेही सोडले.

अरविंद कृष्णा २०२० मध्ये प्रमुख झाले. त्यांचे शिक्षण त्याच कानपूरच्या आय. आय. टी.तले. आणि २०१७ च्या सुमारास अमेरिकेपेक्षा भारतातच कंपनीची माणसे जास्त झाली. जी पेढी १९७८ मध्ये इथून उठून गेली, तिच्या पगारावर आज पुण्या-बंगळूरच्या कितीतरी घरांत दिवाळीचे दिवे लागतात. हे वाचून आनंद वाटावा, आणि त्याबरोबर किंग्स्टनची आठवणही ठेवावी. आपल्यावरही तशी वेळ कधी येणारच नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही.

मग शंभर वर्षे टिकले ते काय? लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी नवी वही घालतात. जुनी मिटतात, पण तिच्यातली येणी-देणी बुडवत नाहीत. ती नव्या वहीत पुढे ओढतात. या कंपनीने दर पिढीला माल बदलला, पुष्कळदा उशिरा बदलला आणि बहुतेक वेळा कोणीतरी ढकलल्यावर बदलला. पण ‘तुमचा हिशेब आमच्यावर सोपवा’ हे येणे मात्र तिने दर वेळी पुढच्या वहीत ओढून घेतले. १९६४ च्या ३६० साठी लिहिलेला एखादा प्रोग्राम तिच्या आजच्या मोठ्या यंत्रावरही चालू शकतो, हे त्याचेच प्रमाण. गिऱ्हाईकाला दिलेला शब्द साठ वर्षे जपला गेला. कामगाराला दिलेला शब्द मात्र तिसाव्या वर्षाच्या आतच मोडला.

वही नवी घालावीच. मात्र देण्याची बाजू पुढे ओढताना हात आखडला की नाही, हेही त्याच रात्री, दिवा थोडा मोठा करून, पाहून घ्यावे.